उष्ट्या हळदीचा धवला

बाळकुमच्या आगरी पाड्यात भट लग्न लावायचा ते नावाला. अंतरपाट धरायचा, अक्षता टाकायच्या, शिधा बांधून घरी जायचं, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं लग्न आवडाबाईच्या गळ्यानं लागायचं. ती धवलारीण, म्हणजे धवले, लग्नाची गाणी, गाणारी. लग्नाची एकेक रीत तिनं गाऊन सांगायची आणि लोकांनी ती तशी करायची. तिनं गाण्यात जातं मागितलं की जातं मांडलं जाई, मामाला बोलावलं की मामा हातातली विडी टाकून पळत येई. ती एक ओळ म्हणायची, मागं बसलेल्या बायका तीच ओळ उचलायच्या. अर्थ कोण बघतोय? धवलारणीच्या तोंडून आलं ते देवाचं. आणि एकदा धवला सुरू झाला की तो कुणी मधे तोडायचा नाही, तोडला तर नवरानवरीचा संसार तुटतो अशी समजूत. दारूबंदी आल्यापासून लग्नाच्या मांडवात हवालदार हटकून डोकवायचा. धवला चालू असला तर तोही बाहेर उभा राहायचा आणि आत आल्यावर काही न सापडता मिशा पुसत परत जायचा.

आवडाबाई विधवा होती. म्हणून हळदीला तिचा हात चालत नसे. गळा चालायचा, हात नाही. ह्या रितीवर तिनं कधी तोंड वाकडं केलं नव्हतं, पण मनातल्या मनात तिला ते लागायचं.

देशाला स्वातंत्र्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. धाकूच्या शालूचं लग्न ठरलं होतं. धाकू मिठागरावर मुकादम, आवडाबाईच्या कुडाला कूड लागून त्याचं घर. शालू सोळा वर्षांची, बोलकी, हसरी. लहानपणापासून आवडाबाईच्या मागं बसून तिनं अर्धे धवले पाठ केले होते. नवरा आंबिवलीकडचा, नाव काळुराम, मुंबईत गोदीत कामाला. मुलगा दिसायला देखणा, पगार रोख. धाकूला आणि काय हवं होतं? त्यात नवऱ्याची आई रंगूबाई मूळची बाळकुमचीच. आवडाबाई आणि ती एका वयाच्या, दोघी पोरपणी मिठागरावर टोपल्या उचलत वाढलेल्या. म्हणजे पोर परक्या घरी चाललीय असंही कुणाला वाटत नव्हतं.

हळदीचा दिवस उजाडला. सकाळी शालू आवडाबाईकडं आली आणि दारातच म्हणाली, "आत्या, उष्टी हलद थंड लागते का गो अंगाला? मना गुदगुल्या होतान. हसले तं आय मारंल."

"हस खुशाल," आवडाबाई म्हणाली. "मी धवल्यात सांगन, नवरीला हसायचा मान हाय म्हनून."

उष्टी हळद म्हणजे नवऱ्याच्या अंगाला लागलेल्यातली उरलेली. ती नवऱ्याकडच्या बायका वाजतगाजत घेऊन येतात आणि नवरीला लावतात. लग्न दुसऱ्या दिवशी लागणार असलं तरी ती हळद अंगाला लागली की पोर त्यांची झाली. त्यानंतर लग्न मोडणं म्हणजे पोरीचा जन्म मोडणं.

दुपार कलताना आंबिवलीच्या बायका आल्या. ठाण्यापर्यंत गाडीनं, पुढं बैलगाडीनं. हळदीची वाटी करवलीच्या हातात असायची, ती दिसली रंगूबाईच्या हातात. वरमाय स्वतः हळद घेऊन आलेली कुणी पाहिली नव्हती. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. एकीनं म्हटलंही, सुनेची फार घाई झालेली दिसते. रंगूबाई हसली नाही. तिनं वाटी पाटाशेजारी ठेवली, वर केळीचं पान झाकलं आणि आवडाबाईचा हात धरून तिला घरामागं, पेंढ्याच्या उडवीआड नेलं.

"आवडे, तुझ्याकरं एक काम हाय."

"बोल."

"आजचा धवला लांबव. हलद नुस्ती तोंडाहाताला नको, पोरीच्या अख्ख्या अंगाला लागली पायजे. तू तसं गा. तू बोललीस का कोन नाय बोलनार नाय."

"कनाला गो?"

रंगूबाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "पोऱ्याच्या अंगात गरमी हाय," ती म्हणाली.

ही गरमी उन्हाळ्याची नव्हे. पुरुष बाहेरख्याली करून घरी आणतो ती गरमी, जिचं नाव चारचौघांत कुणी काढत नाही.

"कवापासून?"

"होळीपासून. चट्टे उठले अंगावर. रडला माझ्याजवल. मरतंय बोलला, लगीन नको बोलला. मी बोलले, येड्या, लगनानंच उतरंल. हलद थंड, पोर कोरी. थंड्यानं ऊन ओढून घेतला का झाला. आमच्याकरं दोन वकत हलद लावली त्याला." रंगूबाईचे डोळे भरून आले होते, पण बोलण्यात तिळाएवढी शंका नव्हती. "आनि माझ्या दादल्याची नाय उतरली? लगनाच्या वकताला त्याला पन असंच. सासूनं माझ्या अंगाला चोपडून चोपडून हलद लावलेली. सा महिन्यांत त्याचा अंग लख्ख. त्याच्यानंतर कदी काय झाला नाय."

आवडाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रंगूबाईची मुलं एकामागून एक गेली होती हे सगळ्या बाळकुमाला ठाऊक होतं. कुणी पोटातच, कुणी बारशाआधी, कुणी वर्षाच्या आत. आंबिवलीला तिला पोरंखाऊ म्हणायचे. शेवटी नवसासायासानं हा एक काळुराम जगला. ती मुलं का गेली हे आवडाबाईला त्या क्षणी कळलं, आणि रंगूबाईला एवढ्या वर्षांत ते कळलं नव्हतं, हेही कळलं.

कारण आवडाबाईचीही तीन गेली होती, तिन्ही पोटातच. तिसरं गेलं तेव्हा ती मिठाच्या गोणींबरोबर कल्याणला गेली होती आणि बाजारातच भोवळ येऊन पडली. कुणीतरी तिला स्टेशनजवळच्या एका डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. बाईनं तपासलं, रक्त घेतलं, आठ दिवसांनी परत बोलावलं आणि दार लावून घेऊन सगळं समजावून सांगितलं. आजार नवऱ्याचा. वरचे चट्टे आपोआप जातात, औषध न घेताही जातात, म्हणून लोकांना वाटतं बरं झालं. पण तो आत राहतो, बायकोला लागतो, आणि तिच्या पोटातून बाळाला. नवऱ्यालाही घेऊन ये, बाई म्हणाली होती. आवडाबाईनं घरी येऊन नवऱ्याला तसं सांगितलं. त्यानं तिला वल्ह्यानं मारलं. पुढं तो बोटीवरच गेला, आणि गाव म्हणालं, वांझोटीनं नवराही खाल्ला. तिनं तोंडातून ब्र काढला नाही. वर्षातून एकदा त्या डॉक्टरीणबाईला सुकट नेऊन द्यायची, तेवढंच. गेल्या खेपेला बाई खुशीत होती. आता नवी सुई आलीय, म्हणाली, थोड्या दिवसांत माणूस बरा होतो, पूर्वीसारखे हाल नाहीत.

"रंगू, आयक माझा," आवडाबाई म्हणाली. "कल्यानला डाक्टरीणबाय हाय. सुया देते. दोन महिनं थांब. पोऱ्याला बरा कर, मंग हलद लाव."

"थांबायचा कारन काय सांगू? धाकू कोयता घेऊन येल. पोऱ्या रुलावर जाऊन निजंल, तसा बोललाय मना."

"नि शालू?"

"शालूला काय व्हतंय? मना काय झाला?"

आवडाबाईच्या जिभेवर आलं होतं, तुला काय झालं ते तुझ्या अंगणातल्या मातीला विचार. पण समोर जिवाभावाची सोबतीण, डोळ्यांत पाणी, आणि मांडवात दोनशे माणूस. तिनं मान खाली घातली, पण होकार दिला नाही. ते रंगूबाईला आवडलं नाही.

"आवडे, तू ह्याच्यातला एक शबद बोललीस, तं खाडीच्या ह्या अंगाला नि त्या अंगाला तुला कोन गायाला बोलावनार नाय. मी बघन. मंग काय खाशील?" असं म्हणून ती मांडवाकडं गेली, आणि जाता जाता पदरानं डोळे पुसून तिनं तोंडावर हसू आणलं.

आवडाबाई तडक चुलीकडं गेली. शालूची आई सगुणा वडे तळत होती. घामानं थबथबलेली, पण चेहऱ्यावर लेकीच्या लग्नाचं तेज.

"सगुने, जरा बाजूला ये. शालूच्या नवऱ्याचं..."

सगुणानं झारा तसाच धरून दुसरा हात वर केला. "आवडाबाय, तुमच्या पाया परते. आजच्या दिवसाला मना काय वाईट आयकवू नका. नवऱ्याच्या घरचा असंल तं उद्या, परवा, पन आज नको. मी आयकनार नाय." आणि तिनं खरंच तोंड फिरवलं. ह्या बाईला काहीतरी आहे एवढं कळलं होतं आणि काय ते जाणून घ्यायचं नव्हतं. आवडाबाईला तिचा राग आला, मग कीव आली. आयांनी कान बंद करून घ्यायचे आणि पोरींनी आयुष्यभर भोगायचं, हीच आपली रीत, असं तिच्या मनात आलं.

राहता राहिला धाकू. तो मंडपाच्या तोंडाशी व्याह्यांना विड्या वाटत होता. त्याला सांगणं म्हणजे गवताला काडी लावणं. काळुरामचा मुडदा पडेल, धाकू फासावर जाईल, आणि शालूला जन्मभर सगळे बोट दाखवतील.

तेवढ्यात मांडवातून हाक आली. "धवलारनी, चला!"

शालू पाटावर बसली होती. डोक्यावरून पदर, हातात सुपारी. वाटीवरचं केळीचं पान काढलेलं होतं. समोर आंबिवलीच्या बायका, पुढं रंगूबाई, मागं बाळकुमच्या. आवडाबाई खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला पहिली ओळ आठवेना. रंगूबाई तिच्याकडं टक लावून बघत होती. पाच सवाष्णी वाटीभोवती बसल्या. आवडाबाईनं हळद मागितली की त्या बोटं बुडवणार होत्या. तिच्या हातात तेवढाच वेळ होता, हळद मागेपर्यंतचा.

तिनं नेहमीचं सुरू केलं. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीला बोलावलं. बायकांनी ओळी उचलल्या. ताल जमला. मग ती ईश्वर आणि गौराईच्या लग्नाकडं वळली. तिथं नेहमी ईश्वर नंदीवर बसून येतो आणि गौराईची आई त्याचे पाय धुते. आवडाबाईनं डोळे मिटले.

"ईश्वर निंगाला गो, लगनाला निंगाला,
अंगी त्याच्या आग गो, कुनाला नाय बोलला."

ही ओळ कुणी ऐकलेली नव्हती. पण धवलारणीला नवी ओळ घालायची मुभा असते. बायकांनी उचलली. *अंगी त्याच्या आग गो, कुनाला नाय बोलला.* एकटी रंगूबाई गप्प राहिली.

"गौराईच्या आयशीनं गो, हात आडवा घातला,
इझव तुझी आग देवा, मंग ये पाटाला."

हेही उचललं गेलं. सवाष्णींचे हात मांडीवरच होते. एक म्हातारी पुटपुटली, "ह्यो कुठला धवला?" दुसरीनं तिला दटावलं. रंगूबाईनं ओठ घट्ट मिटले होते. ती उठून आरडाओरडा करू शकली असती. पण चालू धवला तोडला म्हणजे आपल्याच पोराच्या संसारावर कुऱ्हाड, ह्या भीतीनं ती जागच्या जागी खिळली होती.

आवडाबाईला वाटलं, इथंच थांबावं. इशारा झाला, शहाण्याला पुरे. पण बायका नुसत्या गात होत्या. देवाची गोष्ट देवाचीच राहिली होती, कुणाच्याही अंगाला लागली नव्हती. शालू पदराआडून पाय हलवत ताल धरत होती. म्हणजे देवाला बाजूला ठेवून माणसाचं नाव घ्यायला हवं. काळुरामचं घेतलं तर कोयता निघेल. शालूचं घेतलं तर तिला डाग लागेल. एकच नाव उरलं होतं. इतकी वर्षं जे पोटात घालून ठेवलं ते आता मागच्या सगळ्या बायकांच्या तोंडून परत ऐकावं लागणार होतं.

"आवडी व्हती नवरी गो, हलद तिनं लावली,
दादल्याची गरमी गो, तिच्या अंगी आली."

मागच्या बायकांनी सवयीनं तोंड उघडलं, 'दादल्याची' म्हणेपर्यंत गेल्या आणि तिथं अर्ध्याअधिक थांबल्या. उरलेल्यांनी कशीबशी ओळ पुरी केली. मांडवात वाऱ्यानं तोरण हलल्याचं ऐकू यायला लागलं.

"चट्टे गेले वरचे गो, दादला लख्ख झाला,
आग त्याची निंगाली गो, ती कोनाकं गेली?"

ही ओळ फारच थोड्यांनी उचलली. त्यांत शालूचा आवाज होता. नवरीनं आपल्या हळदीत गायचं नसतं. पण पोरीचे पाय थांबले होते, पदर मागं गेला होता, आणि ती आत्याकडं सरळ बघत म्हणत होती, *ती कोनाकं गेली?*

आवडाबाईनं उत्तर दिलं.

"गेली तिच्या कुशी गो, बालांच्या अंगाला,
तीन पुरली आवडीनं, वांज बोलला गाव गो, वांज बोलला तिला."

ती ओळ कुणीच उचलली नाही. मागं बसलेल्यांत कितीतरी जणी तिला वांझ म्हणालेल्या होत्या. सकाळी उठून तिचं तोंड नको म्हणून वाट बदललेल्या होत्या. सगुणा झारा हातात घेऊन मांडवाच्या कोपऱ्यात कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. ती पुढं आली, शालूच्या मागं बसली आणि तिनं लेकीला कमरेला विळखा घालून पाटावरून आपल्याकडं ओढून घेतलं.

तरी वाटी तिथंच होती. आता आवडाबाईनं हळद मागितली काय आणि नाही काय, कुणीतरी उठून म्हणालंच असतं, धवलारीण बिघडली, चला, लावा हळद, मुहूर्त जातोय. एका सवाष्णीनं तसा हात पुढं केलाही.

तो हात रंगूबाईनं धरला.

ती उठून वाटीपाशी आली होती. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. राग म्हणावा तर राग नव्हता. ती आवडाबाईकडं बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. जवळच्यांना कळलं, ती गात नव्हती, कसलीतरी नावं घेत होती. आपल्या गेलेल्या पोरांतल्या, बारसं झालेल्यांची नावं. ज्यांचं बारसंही झालं नाही त्यांच्यापाशी ती अडखळत होती.

"काय झाला? हलद कनाला थांबवली?" धाकू बाहेरून ओरडला आणि आत आला. मागून आंबिवलीचे दोघेतिघे.

रंगूबाईनं वाटी उचलून पदराखाली घेतली. "माझ्या पोऱ्याला बरा नाय," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "गरमी हाय त्याला. मी दडवली. हलद लागायची नाय. त्याला कल्यानला सुया द्यायला नेते. मंग तुमाला वाटंल तं द्या पोर, नाय वाटंल तं नका देव."

मग जे व्हायचं ते झालं. धाकू तिच्या अंगावर धावून गेला, त्याला चौघांनी धरलं. आंबिवलीचे म्हणाले, धवलारणीनं गावाची अब्रू घालवली, बाळकुमचे म्हणाले, तुम्ही सडकं फळ आमच्या पदरात घालत होतात. कुणी आवडाबाईला भवानी म्हणालं, कुणी चेटकीण. तुला पुन्हा कोण मांडवात बोलावतो ते बघतो, असं दोन्हीकडच्या पुरुषांनी सांगितलं, आणि ह्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं. शालू आईच्या मांडीत डोकं घालून रडत होती. तिचं लग्न मोडलं होतं की लांबलं होतं हे त्या घटकेला कुणालाच सांगता आलं नसतं. पण तिच्या अंगाला हळद लागली नव्हती.

माणसं पांगली. वडे थंड झाले. आंबिवलीच्या बायका गाडीत जाऊन बसल्या आणि रंगूबाईला हाका मारायला लागल्या. ती गेली नाही. ती आवडाबाईशेजारी उघड्या जमिनीवर येऊन बसली, वाटी अजून पदराखाली धरलेली.

"आवडे," रंगूबाई म्हणाली, "मंग माझी गेली ती?"

आवडाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सासू बोलायची, मीच खाल्ली. बालंतपनात पथ्य पाललं नाय, नजर वाईट, पाय वाईट. दादला पन तसाच बोलायचा. मना पन तसाच वाटायचा गो. पोऱ्या जगला तवा दोन वर्सं मी त्याचा मुका नाय घेतला, माझ्या तोंडानं त्याला काय व्हईल म्हनून."

"तू नाय खाल्लीस रंगू. दादल्याचा आजार व्हता तो."

गाडीवाल्यानं बैल जुंपले. कुणीतरी पुन्हा हाक मारली. रंगूबाई उठली नाही. तिनं आवडाबाईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "परत सांग," ती म्हणाली.

आवडाबाईनं परत सांगितलं.